ऑर्केस्ट्रा नसलेलं गाव

कुठेही वाजंत्री सुरू झाली की हानाकाकू लोकांच्या पायांकडे बघू लागायच्या. लग्नात बँड येवो, गणपतीत ढोल येवोत, होळीला सातपुड्यातून घुंगरं बांधून पावरा आदिवासी मंडळी उतरोत, सगळ्यांच्या माना वर असायच्या आणि हानाकाकूंची खाली. चेहऱ्यावर ना राग, ना कंटाळा. एसटी स्टँडवर बस लागायची वाट बघणाऱ्या माणसाचा असतो, तसा चेहरा. आम्हा पोरांना वाटायचं, यांचं जोडवं पडलंय. एका लग्नात मी खरोखरच वाकून शोधायला लागले. मग विचारलं, "काय हरवलं काकू?"

"काही नही वं पोरी," त्या म्हणाल्या, "पाय देखी ऱ्हायनू."

शहाद्याजवळच्या साखर कारखान्याच्या वसाहतीत आमचा आणि त्यांचा क्वार्टर एकमेकांना लागून होता. मधली भिंत एकच. माझे वडील साताऱ्याकडून केमिस्ट म्हणून इथे आले आणि इथलेच झाले. शेजारचे भाईदासकाका तापीकाठच्या शेतकरी घराण्यातले, कारखान्याचे चीफ इंजिनिअर. हानाकाकू त्यांच्या पत्नी. मूळच्या चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो शहरातल्या, ज्यू कुटुंबातल्या. पण ज्यू म्हणजे काय, हे आमच्या वसाहतीत कोणालाच धड माहीत नव्हतं. सुती पातळ, डोक्यावर पदर, उन्हाने भाजून गव्हाळ झालेले हात. लांबून कोणाला संशय आला नसता. जवळ गेल्यावर फिकट निळे डोळे दिसायचे आणि माणूस जरा दचकायचा.

भाषा त्या सासूकडून शिकल्या आणि सासूला एकच भाषा येत होती, अहिराणी. आमच्या घरात साताऱ्याची मराठी, शाळेत पुस्तकातली मराठी. त्यामुळे मला अहिराणी शिकवली ती ब्रनोच्या बाईने, हे मी सांगते तेव्हा लोक हसतात. कारखान्यात नवीन आलेले एक साहेब त्यांच्याशी मोठ्या हौसेने इंग्रजी बोलायला गेले. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माले इंग्रजी नही येस भाऊ. जेवण व्हयनं का तुमनं?"

जेवण झालं का, हा त्यांचा पहिला प्रश्न आणि बऱ्याचदा शेवटचाही. कोणी रडत आलं, भांडून आलं, नापास होऊन आलं, तरी आधी ताट. "पहिले खाई ल्या. बाकी मंग देखू." आणि बाकीचं पुढे फारसं बघितलं जायचं नाही. दुसरा त्यांचा शब्द म्हणजे 'चालस'. भाजी करपली, चालस. पाणी आलं नाही, चालस. भाईदासकाकांचं प्रमोशन झालं तेव्हाही त्या तेवढंच म्हणाल्या.

भाईदासकाका लग्नाची गोष्ट फार रंगवून सांगायचे. साखर कारखान्याच्या यंत्रांचं शिक्षण घ्यायला ते ब्रनोला गेले होते. तिथल्या मशिनच्या कंपनीत हाना कॅन्टीनला होत्या. वय तिशीच्या पुढे, मागे-पुढे कोणी नाही. काकांनी धीर करून विचारलं, माझ्याबरोबर येशील का? हानांनी उलट एकच प्रश्न केला, "तुझ्या गावात ऑर्केस्ट्रा आहे का?" काकांचं तोंड उतरलं. युरोपातली बाई, तिला संगीत हवं असणार. खोटं बोलवेना, म्हणून खाली मान घालून म्हणाले, नाही, आमच्याकडे तसलं काही नाही. "मग येते," हाना म्हणाल्या.

"आणि गावात पाय ठेवला तर काय!" काका मांडीवर थाप मारायचे. "मायने नंदुरबारहून बँड मागवलेला! वेशीपासून घरापर्यंत! ही माझ्याकडे बघते, मी हिच्याकडे बघतो. मी म्हटलं, अगं, हा ऑर्केस्ट्रा नाही, हा बँड आहे!" ऐकणारे पोट धरून हसायचे. काकू ताटं वाढत असायच्या. त्या हसायच्या नाहीत, पण काकांना थांबवायच्याही नाहीत.

त्यांच्या डाव्या हातावर, कोपराच्या खाली, निळा आकडा गोंदलेला होता. सासूने तो पहिल्याच दिवशी बघितला. आमच्याकडच्या जुन्या बायकांचे हात गोंदणाने भरलेले असतात, त्यामुळे तिला त्यात वेगळं काही वाटलं नाही. "तुमनाकडे आकडा गोंदतस का?" तिने विचारलं. काका भाषांतर करताना अडखळले. हाना म्हणाल्या, हो, आमच्याकडे आकडा गोंदतात. त्या वर्षी सारंगखेड्याच्या यात्रेत सासू सुनेला गोंदणारणीकडे घेऊन गेली. "नुसता आकडा कोरडा दिसस," असं म्हणून तिने आकड्याच्या शेजारी तुळशीची डहाळी काढून घेतली. काकूंनी हात पुढे केला आणि नंतर परत घेतला. मी ओळखायला लागले तेव्हा आकडा आणि तुळस दोन्ही सारखीच पुसट झाली होती.

मुलगा झाला तेव्हा त्यांना त्याचं नाव पेटर ठेवायचं होतं. पेटर म्हणजे त्यांचा भाऊ. सासूला ते नाव म्हणता येईना, पण सुनेचं मन मोडायचं नव्हतं. तिने जवळात जवळचं नाव शोधलं, पितांबर.

मी सातवी-आठवीत असताना वडिलांनी मला हार्मोनियमवर बसवलं. शहाद्याहून एक बुवा शिकवायला यायचे. सकाळ-संध्याकाळ माझा रियाझ चालायचा आणि तो भिंतीपलीकडे जात असणारच. आईला काळजी वाटायची. हानाकाकूंना गाणं आवडत नाही, एवढं वसाहतीत सगळ्यांना कळलं होतं. त्यांच्याकडे रेडिओ नव्हता. आई विचारायला गेली तर म्हणाल्या, "वाजाडू दे वं तिले. माले काय!" भोंग्याचंही तसंच. पाळी बदलली की कारखान्याचा भोंगा व्हायचा, नवीन आलेल्या बायका दचकायच्या. काकू त्यांना समजवायच्या, "भोंगा बरा शे. भोंगामा सूर नही ऱ्हास."

मी कॉलेजला गेले त्या वर्षी गळीत हंगामाचा आरंभ थाटात करायचं ठरलं. बॉयलर पेटवायचा मान त्या वर्षी भाईदासकाकांचा. ही पूजा जोडप्याने करायची असते. काकू हिरवं पातळ नेसून बॉयलरसमोर बसल्या, सांगतील तिथे हळद-कुंकू वाहिलं, सांगतील तेव्हा हात जोडले. भट्टीत चिपाडं धडधडली. वर चिमणीतून धूर निघाला. फार पूर्वी, कारखाना नवा होता तेव्हा, काकू अंगणात उभ्या राहून बराच वेळ धूर बघत राहिल्या होत्या आणि काय जळतंय असं काकांना पुन्हा पुन्हा विचारत होत्या. शेवटी काकांनी त्यांना हाताला धरून भट्टीशी नेलं आणि चिपाडाचा ढीग दाखवला. त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

पूजा आटोपून आम्ही बायका बाहेर आलो. पहिल्या पाळीचे कामगार फाटकाबाहेर रांगा करून उभे होते, सगळ्यांना नवे खाकी कपडे दिलेले. फाटकाच्या आत एका बाजूला बँड. कोणाच्या तरी डोक्यातून निघालं होतं की बँडच्या तालावर कामगारांनी रांगेने आत यायचं. समारंभाच्या प्रमुख पाहुण्यांनी हात केला. क्लॅरिनेट वाजली, ड्रमवर टिपरी पडली आणि माणसं पावलं टाकत फाटकातून आत येऊ लागली.

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या काकूंनी हातातलं आरतीचं ताट माझ्याकडे दिलं. त्या सरळ चालत बँडसमोर गेल्या. क्लॅरिनेटवाल्या म्हाताऱ्याच्या हातावर त्यांनी आपला हात ठेवला. तो थांबला. मग एकेक करून सगळेच थांबले. फाटकातली रांगही थांबली.

"भाऊ," काकू म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, भाजीवाल्याशी बोलावं तसा होता. "हाई लोके कामले जाई ऱ्हायनात. तेस्ले बाजा नको."

म्हातारा गोंधळला. "शुभ काम शे ना ताई."

"व्हई. पन तेस्ले असंच जाऊ द्या."

पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. भाईदासकाका धावत आले, पण काकूंच्या जवळ येऊन नुसते उभे राहिले. बँड पुन्हा वाजला नाही. कामगार ओळ मोडून, गप्पा मारत, विडी विझवत, रोज जसे जायचे तसे आत गेले.

काकांना समारंभात थांबणं भाग होतं. मी काकूंना घरी घेऊन आले. त्यांनी पातळ बदललं, परातीत कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ घेतलं आणि भाकरी थापायला बसल्या. मी चुलीशी, म्हणजे गॅसशी, उभी होते. मी काही विचारलं नव्हतं. त्या आपण होऊनच बोलायला लागल्या. भाकरी थापायच्या, तव्यावर टाकायच्या, बोलायच्या. मध्ये एकदाही हात थांबला नाही.

त्यांचे वडील ब्रनोच्या ऑपेराच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायचे. आई घरी पियानो शिकवायची. भाऊ पेटर चेलो वाजवायचा, चेलो म्हणजे मांडीत धरून वाजवतात ते मोठं व्हायोलिन. हाना लहानपणापासून वडिलांकडे शिकल्या. शाळेत असतानाच त्यांना मोठ्या मंचावर एकटीने वाजवायला बोलावणी येऊ लागली होती. जेवणं झाली की चौघं मिळून वाजवायचे, शेजारी जिन्यात बसून ऐकायचे. मग नाझी आले. आधी वडिलांना सांगितलं की ज्यू माणसाला ऑर्केस्ट्रात बसता येणार नाही. मग हुकूम निघाला की ज्यूंनी आपली वाद्यं सरकारजमा करायची. वडिलांनी व्हायोलिन पुसलं, नवी तार चढवली, सुरात लावलं आणि मग नेऊन दिलं. आई म्हणाली, नवी तार कशाला फुकट घालवता?

"बाप म्हने, ज्याले भेटी तेले बेसूर लागाले नको," काकू म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

पुढे त्या सगळ्यांना गाडीत कोंबून नेलं. आधी एका ठिकाणी, मग पोलंडमधल्या छावणीत. गाडीतून उतरल्या उतरल्या पुरुष वेगळे, बायका वेगळ्या. आईला दुसऱ्या बाजूला काढलं. हातावर आकडा गोंदताना कोणीतरी विचारलं, काही वाजवता येतं का? हाना म्हणाल्या, व्हायोलिन. त्यांना एक व्हायोलिन मिळालं. कोणाचं तरी होतं ते. हनुवटी टेकायची जागा आधीच झिजलेली होती.

त्या छावणीत बायकांचा ऑर्केस्ट्रा होता. सकाळी कैदी बायका कामाला निघाल्या की फाटकाशी उभं राहून वाजवायचं, संध्याकाळी परत आल्या की वाजवायचं. तालावर पावलं पडली की मोजायला सोपं जातं, म्हणून. संध्याकाळी काहीजणी दुसऱ्यांच्या खांद्यावर यायच्या. काही यायच्याच नाहीत. वाजवणाऱ्या मुलींना पाव जरा जास्त मिळायचा. फाटकातून जाणाऱ्या बायका त्यांच्याकडे बघायच्या.

"तोंडं देखानी हिम्मत नव्हती," काकू म्हणाल्या. "मी पाय देखू. मन्ही मायना पाय वळखू येतीन म्हनीसन. रोज देखू."

"आले का?" मी विचारलं.

"नही. ती पहिलाच दिनले गयती. माले कोनी सांगं नव्हतं. सांगं तव्हयबी मी देखू. डोयास्ले सवय लागी गयती."

वडिलांचं काय झालं ते त्यांना कधीच कळलं नाही. पेटर युद्ध संपायच्या थोडं आधी दुसऱ्या एका छावणीत गेला, हे त्याच्याबरोबरच्या एकाने पुढे सांगितलं. हाना एकट्या ब्रनोला परतल्या. ऑपेराचा ऑर्केस्ट्रा पुन्हा उभा राहत होता. कंडक्टर वडिलांच्या ओळखीचे. त्यांनी हानांना बोलावून वडिलांची खुर्ची देऊ केली. त्या तालमीला गेल्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं बरोबर वाजलं, एकही स्वर चुकला नाही. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. काहीजण रडले.

"हात वाजाडेत. मी नव्हती तठे," काकू म्हणाल्या. त्यांनी व्हायोलिन पेटीत ठेवलं, पेटी खुर्चीवर ठेवली आणि घरी आल्या. दुसऱ्या आठवड्यात त्या मशिनच्या कंपनीच्या कॅन्टीनला लागल्या.

मी माझाच विषय काढला. "मी रोज भिंतीपलीकडे वाजवते, काकू. तुम्हाला किती त्रास होत असेल."

त्यांनी पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे बघितलं. "त्रास व्हता ते बरं व्हतं वं. माले काहीच व्हत नही. तू वाजाडस, कुकर वाजस, माले सारखंच." मग भाकरीवर तूप घालून ताट माझ्यापुढे सरकवलं. "खाई ले."

मी खाल्लं. भाकरी नेहमीसारखीच होती. मला तेव्हा रडू यायला हवं होतं असं पुढे अनेकदा वाटलं, पण आलं नाही. त्या ज्या आवाजात बोलल्या होत्या त्या आवाजापुढे रडणं आगाऊपणाचं झालं असतं.

त्यानंतर मी गाणं सोडलं नाही. शिकले, परीक्षा दिल्या, शहाद्याच्या शाळेत संगीत शिक्षिका झाले. धुळ्याचा जिल्हा तुटून आमचा नंदुरबार जिल्हा झाला. भाईदासकाका निवृत्त होऊन गावी शेतावर राहायला गेले आणि काही वर्षांनी वारले. त्यांना तापीकाठी अग्नी दिला. काकू घरीच थांबल्या. दिवसभर आलेल्या-गेलेल्यांना चहा देत होत्या. पितांबर शेती बघायचा. मी सुटीच्या दिवशी जाऊन बसायची.

काकूंनी ऐंशी ओलांडल्यावर प्रागहून एक तरुण मुलगी त्यांना शोधत आली. छावण्यांमधल्या वादकांच्या आठवणी ती गोळा करत होती. सुरतपर्यंत विमान, मग रेल्वेने नंदुरबार, तिथून जीप. ती चेक भाषेत विचारायची, काकू अहिराणीत उत्तर द्यायच्या. मी ते इंग्रजीत सांगायची. मुलीला नवल वाटलं. आजी चेक विसरल्या का?

"इसरनू नही," काकू मला म्हणाल्या. "तिनं बोलनं समजस माले. पन त्या भाषामा सांगता येत नही. तू सांग."

दुपारी मुलीने बॅगेतून छोटा लॅपटॉप काढला. युद्धाआधीची एक तबकडी तिला मिळाली होती, ब्रनोच्या ऑपेराच्या ऑर्केस्ट्राची. त्यात एका जागी सगळी वाद्यं थांबतात आणि एकच व्हायोलिन वाजतं. ते वाजवणारे काकूंचे वडील. साठ-पासष्ट वर्षांत काकूंनी वडिलांचा एक स्वरही ऐकला नव्हता. जगात तो शिल्लक आहे, हेही त्यांना माहीत नव्हतं.

तिने लावलं. खरखर झाली, मग वाद्यं आली, मग थांबली. एकटं व्हायोलिन सुरू झालं. मी आयुष्यभर संगीत शिकवत आले आहे, पण त्या स्वरांबद्दल मला काही लिहिता यायचं नाही. पितांबर दारात उभा होता. त्याने डोळे पुसले. ती मुलगी तोंडावर हात धरून रडत होती. काकू मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

"काकू, तुमचे वडील," मी म्हणाले.

"व्हई," त्या म्हणाल्या. म्हणजे असतील. नंतर म्हणाल्या, "चांगलं वाजाडस." आणि मग उठून, त्या मुलीच्या पाठीवर, ढेकर काढायला तान्ह्या पोराच्या पाठीवर मारतात तशा हलक्या थापा मारत राहिल्या. "तिले सांग, रडू नको म्हना. बट्टी करेल शे. गरम शे तवलगून खाई ले."

मुलीने त्या तबकडीची कॉपी पितांबरकडे ठेवली. पितांबर सांगतो, काकूंनी ती लाव असं कधी म्हटलं नाही आणि काढून टाक असंही नाही.

नव्वदी ओलांडल्यावर एका हिवाळ्यात, ऊसतोड चालू असताना, दुपारच्या झोपेतच त्या गेल्या. मी पोचले तेव्हा अंगणात भाऊबंद जमले होते आणि लाकडांची ट्रॉली दारात उभी होती. पितांबर ट्रॉलीसमोर उभा होता.

"मायले जाळनं नही," तो म्हणत होता. "तिनी सांगेल शे. जनमभरमा एकच गोट मांगी तिनी."

"आपली सून शे ती," त्याचे चुलते म्हणाले. "आपला घरमा अग्नी देतस. लोके काय म्हनतीन?"

"काय म्हनतीन ते म्हनतीन."

"पन कारन काय?"

पितांबरने माझ्याकडे बघितलं. त्याला कारण माहीत होतं, पण अंगणातल्या एवढ्या माणसांपुढे ते कुठून सुरू करून सांगायचं? शेवटी त्यांच्या शेतावरचा जुना सालदार रतनभाऊ पुढे झाला. तो भिल्ल, सत्तरीच्या घरातला. "आमनामा पुरतस ना," तो चुलत्यांना म्हणाला. "त्यामा काय खराब शे? मी खंदस." आणि कोणाची वाट न बघता फावडं घेऊन तो शेताकडे निघाला.

शेताच्या वरच्या अंगाला, उसाच्या दोन तुकड्यांच्या मधे, त्यांना ठेवलं. त्यांच्या धर्मात अशा वेळी काय म्हणतात ते तिथे कोणालाच माहीत नव्हतं. भटजी जरा लांब उभे होते. कोणीतरी मला म्हणालं, ताई, तुम्ही गाता, तुम्ही काहीतरी म्हणा. मी नको म्हणाले. आम्ही उभे राहिलो. मग रतनभाऊने पहिली माती टाकली.

संगीताने कुठलंही दुःख हलकं होतं, असं मी पूर्वी दरवर्षी पहिल्या तासाला वर्गात सांगायची. आता थेट स्वर शिकवायला घेते.

पितांबरने ती जागा नांगरली नाही. आता ऊस वाढला की काही दिसत नाही. तोड झाली की मोकळ्या रानात तेवढाच एक चौकोन गवताचा उरतो आणि रस्त्यावरून दिसतो. परवा मी गेले होते तेव्हा नवा ट्रकवाला उसाच्या मोळ्या भरायला आला होता. ट्रक कुठून आत घालायचा ते विचारत होता. त्याने त्या चौकोनाकडे बोट केलं, तिकडून जवळ पडेल म्हणाला.

"तठून नको," पितांबर म्हणाला. "तठे मन्ही माय शे."